सफरचंदाचा रस आणि मध: बरणी अर्ध्यातच थंड पडते तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. दुकानातून सफरचंदाच्या रसाचे डबे आणले, त्यात मध कालवला, यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी वर फेस चढला, बरणीला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येत होती. चार-पाच दिवसांत सगळं गप्प. चाखून पाहिलं तर अजून गोडच, आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास. मग विचारणा होते, "काकू, बुडबुडे येऊनच नाही राहिले, अजून थोडं यीस्ट टाकू का?" नागपुरात हा प्रश्न मार्च ते जूनमध्ये जेवढा येतो तेवढा दिवाळीनंतर येत नाही, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे.

यीस्ट टाकू नका, निदान आत्ता लगेच नको. पहिलं यीस्ट ज्या कारणाने हरलं ते कारण बरणीत तसंच असेल तर दुसरंही हरणार, आणि तळाशी मेलेल्या यीस्टचा थर तेवढा वाढणार. आधी कारण शोधायचं. लेबल, उष्णता आणि मध, या तीन ठिकाणी ते हमखास सापडतं. चौथं ठिकाण क्वचितच लागतं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी हा रस आंबवते तो ॲपल सायडर व्हिनेगर करण्यासाठी. व्हिनेगर दोन टप्प्यांत होतं. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, मग ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. पहिल्या टप्प्यावर थांबलात तर जे हातात येतं ती सायडर, म्हणजे दारूच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात व गडचिरोलीत तर संपूर्ण दारूबंदी आहे. म्हणून पहिला टप्पा संपला की त्याच दिवशी मी त्यात कच्चं, म्हणजे न तापवलेलं, जिवंत जिवाणू असलेलं व्हिनेगर मिसळून पुढच्या टप्प्याला लावते. खाली जे लिहिलंय ते सगळं व्हिनेगरपर्यंत पोचण्यासाठी आहे.

खरंच थांबलंय का, हे आधी पाहा

बुडबुडे दिसत नाहीत म्हणजे आंबणं थांबलं, असं धरून चालू नका. झाकणाच्या रबरातून किंवा नळीच्या भोकातून वायू निसटत असेल तर एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या सापळ्यात, एकही बुडबुडा येणार नाही आणि आत काम जोरात चालू असेल. उलटही होतं. आंबणं कधीच संपलेलं असतं, पण दुपारी बरणी तापली की द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आपल्याला वाटतं, चालू आहे.

खात्री करायची तर हायड्रोमीटर घ्या, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी तरंगती काचेची कांडी. साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा. ऑनलाइन मिळतो, फार महाग नाही. उंच, अरुंद ग्लासात रस घ्यायचा, हायड्रोमीटर अलगद सोडायचा आणि बोटांनी एक गिरकी द्यायची, म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात. ते चिकटून राहिले तर कांडी वर उचलली जाते आणि आकडा खोटा येतो. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं. नुसता सफरचंदाचा रस साधारण १.०४५ ते १.०५० दाखवतो. लिटरमागे दोन मोठे चमचे मध घातला की १.०६० च्या आसपास जातो. साखर संपली की आकडा १.००० वर किंवा त्याच्याही थोडा खाली येतो. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन्ही वाचनं १.०२० असतील तर बरणी खरोखर अडली आहे. दोन्ही १.००० असतील तर काही बिघडलेलं नाही, पहिला टप्पा पूर्ण झाला आहे.

नागपूरकरांसाठी यात एक बारकावा आहे. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सियसला बरोबर वाचतील असे केलेले असतात. ३५ अंशाच्या रसात तोच हायड्रोमीटर सुमारे ०.००४ ने कमी वाचतो. म्हणजे मे महिन्यात १.००० दिसलं तर प्रत्यक्षात १.००४ असू शकतं, थोडी साखर अजून शिल्लक आहे.

हायड्रोमीटर नसेल आणि घरात दुधाचा आकडेवाला लॅक्टोमीटर पडला असेल तर तोही काही अंशी चालतो. त्यावरचा ३० म्हणजे १.०३०. कच्च्या रसात तो पट्टीच्या वर तरंगेल. आंबणं पुढे सरकलं की पट्टीत येईल, आणि १५ च्या खाली बुडाला की समजायचं बरीचशी साखर संपली. शेवटचा टप्पा त्यावर कळत नाही, पण बरणी २५ वर चार दिवस बसून आहे एवढं तर कळतं, आणि आपला प्रश्न तोच आहे.

जिभेवर फार विसंबू नका. सफरचंदाची आंबट चव गोडवा झाकते, आणि मधाचा वास साखर संपल्यावरही गोड वाटतो.

लेबल

यीस्ट पहिल्या दिवसापासून हललंच नसेल, फेसच आला नसेल, तर डबा कचऱ्यातून काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आयएनएस हे अन्नात घातलेल्या पदार्थांचे ठरलेले क्रमांक. आयएनएस २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. हे दोन परिरक्षक याच कामासाठी घातलेले असतात की यीस्ट वाढू नये. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची पुढची पिढी होऊ देत नाही. म्हणून काही वेळा थोडा फेस येतो आणि मग सगळं शांत होतं. रस उकळला तर हे निघून जाईल, असं बरेच जण सांगतात. जात नाही. असा रस थंड करून पिऊन टाका, आंबवायला दुसरा आणा. २२० ते २२४ या आकड्यांमधले सल्फाइट त्या मानाने सोपे. भांडं पातळ कापड बांधून रात्रभर उघडं ठेवलं आणि मधे दोन-तीनदा ढवळलं तर त्यांचा जोर बराच कमी होतो.

मोठ्या कंपन्यांचे कागदी खोक्यातले रस उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असतात, त्यामुळे त्यांत परिरक्षक नसतो असंही पुष्कळदा दिसतं. पण तिथे दुसरी गोष्ट तपासायची. भारतात मिळणारे बहुतेक डबे घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून पुन्हा तयार केलेले असतात. अशा डब्यांवर 'शंभर टक्के फळांचा रस' असं छापणं बंद करा, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला होता. हा रस आंबवायला वाईट नाही, फक्त यीस्टला लागणारं नायट्रोजनयुक्त अन्न त्यात कमी असतं, आणि ते पुढे भरून काढावं लागतं. ज्या बाटलीवर रसाची टक्केवारी वीसच्याही खाली आहे आणि बाकी साखर, पाणी, सायट्रिक आम्ल आणि वास आहे, ती घेऊ नका. तिच्यात यीस्टला साखर मिळते, पण साखरेवर त्याची पेशी उभी राहत नाही. 'लाइट' लिहिलेल्या बाटल्यांत तर साखरेऐवजी सुक्रालोज असतं, ते यीस्टला पचतच नाही.

उष्णता: नागपुरातलं खरं कारण

यूट्यूबवर आणि परदेशी पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असं सांगतात. त्यांची खोली २० अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. त्या खोलीत कोपऱ्यातली बरणी ३६-३७ अंशांवर असते. वर, आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत बरणीचं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्तच भरतं.

बहुतेक यीस्टना २० ते २५ अंश मानवतात. तिशीपर्यंत ते घाईने काम करतं, चव थोडी राकट होते, पण काम पुरं होतं. पस्तिशीच्या वर गोष्ट बदलते. यीस्टच्या पेशीचं आवरण उष्णतेने आधीच कमजोर झालेलं असतं. त्यात अल्कोहोल वाढत जातं तसं तेही त्याच आवरणावर घाव घालतं. एरवी आठ-दहा टक्के अल्कोहोल सोसणारं यीस्ट या उकाड्यात चार टक्क्यांतच गळून पडतं. पहिल्या दिवशी झपाट्याने सुरुवात आणि पाचव्या दिवशी गप्प, हे चित्र यातूनच येतं. उष्णतेने सुरुवात जोरात होते, म्हणून यीस्ट चांगलं होतं अशी आपली खात्री पटते, आणि नंतरच्या अपयशाचा दोष भलत्यावर जातो.

तापमान खोलीचं घेऊ नका, बरणीचं घ्या. माशांच्या टाकीला चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, ती बरणीच्या मध्यावर लावा आणि दुपारी चार वाजता आणि रात्री अकरा वाजता वाचा. दोन दिवसांत सगळं समजतं.

बरणी थंड ठेवायला एसी लागत नाही. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, आणि माठ ज्या कारणाने पाणी गार करतो तेच कारण इथे वापरता येतं. मोठं घमेलं किंवा टब घ्या, त्यात चार बोटं पाणी भरा, मधोमध बरणी ठेवा. जुना सुती पंचा भिजवून बरणीभोवती असा गुंडाळा की त्याची खालची कड पाण्यात बुडलेली राहील. कापड खालून पाणी ओढत राहतं, वरून ते उडत राहतं, आणि बरणी गार होत जाते. कूलरच्या झोतात ठेवलीत तर ३८ अंशांच्या खोलीतही बरणी २८ ते ३० वर राहते. घरात माठाची जागा ठरलेली असते ती बहुधा सर्वात गारव्याची असते, तिथेच टब मांडा. लाइट जाऊन कूलर बंद पडला की फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेली पाण्याची बाटली टबात सोडायची. कापडाची वरची कड सुकलेली दिसली की हाताने पाणी शिंपडा. एकदा कोरडं पडलं की ते खालून स्वतः पाणी ओढायला वेळ घेतं.

बरणी फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. जागा मोकळी असते म्हणून सगळे तिथेच ठेवतात, पण फ्रिज आतली उष्णता मागे आणि वर टाकतो.

जुलैत पाऊस लागला की ओल्या कापडाचा उपाय निकामी होतो, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. पण तेव्हा उष्णताही उतरलेली असते. त्या दिवसांत चिलटं आणि बुरशी सांभाळायची. डिसेंबर-जानेवारीत उलटी तक्रार येते: पंधरा दिवस झाले, अजून चालूच आहे. रात्री बाहेर दहाच्या खाली जातं, खोली पंधरा-सोळावर असते, यीस्ट सावकाश चालतं. याला अडणं म्हणत नाहीत. बरणीला जुनी चादर गुंडाळा आणि वाट पाहा. हळू आंबलेल्या रसात सफरचंदाचा वास सर्वात चांगला टिकतो.

मला विचाराल तर पहिला टप्पा दिवाळीनंतर घाला. थंडीत यीस्टचं काम नीट होतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा २५ ते ३० अंशांवर आली की नेमकी तीच ॲसिटोबॅक्टरला हवी असते. होळीच्या सुमारास व्हिनेगर तयार होतं, आणि टब-पंचाची उस्तवार करावी लागत नाही.

मध जास्त, अन्न कमी

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ यीस्ट उपाशी आहे. मधात ऐंशी टक्के साखर आहे, पण नायट्रोजन नावालाच. डब्यातल्या रसातही तो कमी. यीस्टला प्रथिनं बनवायला नायट्रोजन मिळाला नाही की त्याच्या पेशीतला गंधकाचा व्यवहार मधेच तुटतो आणि तो वायू बाहेर पडतो. हा वास आला म्हणजे रस सडला असं नाही, टाकून देऊ नका.

मेळघाटातला जंगली मध आणलाय, भरपूर घालते, छान होईल, असं प्रेमाने केलं जातं. भावना समजते, पण इथे जास्त मध नडतो. लिटरला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, एवढाच पुरे. त्याने अल्कोहोल सात-साडेसात टक्क्यांपर्यंत जातं आणि व्हिनेगरला हवी ती ताकद मिळते. त्याच्या पुढे गेलात तर यीस्टही दमतं आणि दुसऱ्या टप्प्यात ॲसिटोबॅक्टरलाही तेवढं अल्कोहोल सोसत नाही. इतका चांगला मध असेल तर तो पोळीबरोबर खा, आंबवायला साधा मध घ्या.

घालताना मध आधी थोड्या कोमट रसात पूर्ण विरघळवून घ्या. तसाच ओतला तर तळाशी बसतो, वरचा भाग आंबून संपतो, खाली गोड पाक तसाच राहतो, आणि बरणी अडल्यासारखी दिसते. अशा वेळी स्वच्छ लाकडी दांडीने तळापासून अलगद ढवळलं की काम पुन्हा सुरू होतं. एवढ्यावरही पुष्कळ बरण्या सुटतात.

यीस्टचं अन्न म्हणून मूठभर मनुका घालायला सांगतात. मनुकांनी चव येते, नायट्रोजन फार थोडा येतो. घरात जमेल असा चांगला उपाय बेकरीच्या सुक्या यीस्टचाच. चार लिटर रसासाठी एक छोटा चमचा यीस्ट अर्धा कप पाण्यात दहा मिनिटं उकळा. ते मरतं, आणि त्याच्या पेशींतलं अन्न मोकळं होतं. थंड करून हे पाणी बरणीत ओता. जिवंत यीस्ट मेलेल्या यीस्टवर चांगलं पोसतं. हे पहिल्या तीन-चार दिवसांतच करा. अल्कोहोल चढल्यावर यीस्टला नायट्रोजन नीट घेता येत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. परदेशी कृतींमध्ये यीस्टचं अन्न म्हणून डीएपी लिहिलेलं असतं, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. आपल्याकडे घरोघरी शेती, गोदामात डीएपीची गोणी असतेच, आणि नाव तेच म्हणून त्यातलं चिमूटभर टाकावंसं वाटतं. कृपा करून टाकू नका. ते खत आहे, खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं, त्यात जड धातूंचे अंश असू शकतात. खाद्य दर्जाचं स्पष्ट लिहिलेलं पाकीटच वापरा, नाहीतर उकळलेलं यीस्ट पुरतं.

अडलेली बरणी पुन्हा चालू करायची असेल तर

कारण दूर केलंय, बरणी २५-२८ अंशांवर आली आहे, ढवळून झालं, दोन दिवस थांबलात, तरी आकडा हलत नाही. आता यीस्ट टाकायचं, पण थेट बरणीत ओतायचं नाही. अल्कोहोल असलेल्या, अन्न संपलेल्या द्रवात कोरडं यीस्ट टाकलं तर ते बसल्या जागी मरतं.

आधी यीस्ट जिवंत आहे का पाहा. किराणा दुकानातल्या फळीवर उन्हाळाभर तापलेलं पाकीट पुष्कळदा अर्धमेलं असतं. कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घाला. पंधरा मिनिटांत वर फेसाचा जाड थर आला पाहिजे. आला नाही तर पाकीट फेका. आला तर त्यात अर्धा कप ताजा, परिरक्षक नसलेला रस घाला आणि जोरात फसफसू द्या. मग अडलेल्या बरणीतला अर्धा कप त्यात मिसळा. पुन्हा फसफसलं की एक कप. असं दुप्पट करत नेत ते मिश्रण शेवटी बरणीत परत घाला. यीस्टला अल्कोहोलची सवय हळूहळू होते. दोन्हींच्या तापमानात पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक नको.

या सगळ्या काळात बरणी घट्ट बंद करायची नाही. वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा आणि झाकणाला नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची नवी नळी याला उत्तम. काचेची बाटली बूच आवळून ठेवली आणि आत आंबणं चालू राहिलं तर ती फुटते, आणि काचा खोलीभर उडतात.

पहिला टप्पा झाला, पण आंबट होईना

इथे जवळजवळ नेहमी एकच कारण निघतं. 'थोडं व्हिनेगर घालून सुरुवात करा' असं वाचून किराण्यातलं पांढरं व्हिनेगर घातलेलं असतं. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं. ते ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं असतं, त्यात जिवाणू नसतातच. लागतं ते कच्चं, न तापवलेलं, तळाशी गढूळ धागे असलेलं ॲपल सायडर व्हिनेगर, ज्यावर 'विथ मदर' लिहिलेलं असतं. चार भाग आंबलेल्या रसाला एक भाग ते. कमी घालू नका. सुरुवातीचा आंबटपणाच बुरशीला आणि फालतू यीस्टला दूर ठेवतो.

आता नळी काढून टाका. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून रुंद तोंडाची काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्या आणि तोंडावर मलमलची दुहेरी घडी बांधा. चहाच्या गाळणीसारख्या जाळीतून चिलटं आत जातात. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, आम्लाने धातू व्हिनेगरमध्ये उतरतो.

वर जे जमतं त्याला घाबरून पुष्कळ जण सगळं ओतून देतात. गुळगुळीत, ओलसर, जेलीसारखा थर ही मदर आहे, ती हवीच. कोरडा, सुरकुत्या पडलेला पांढरा पापुद्रा हे कामाचं नसलेलं यीस्ट. ते अपाय करत नाही, चव बिघडवतं. ते काढून टाका आणि आणखी कच्चं व्हिनेगर घाला. केसाळ, हिरवे, काळे किंवा निळसर ठिपके म्हणजे बुरशी. मग वरचा थर काढून खालचं वाचवायचा मोह नको, सगळी बरणी टाका आणि उकळत्या पाण्याने धुवा.

नेल पॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर तो एथिल ॲसिटेटचा. हवा कमी पडतेय किंवा बरणी फार तापतेय. तोंड मोठं असलेल्या भांड्यात हलवा, पुन्हा टबात बसवा, दोन-तीन आठवड्यांत वास बहुधा उतरतो. पस्तीस अंशांच्या वर ॲसिटोबॅक्टरही काम टाकतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या टप्प्यालाही पंचा सोडू नका.

संत्र्याच्या रसाचं असंच होईल का, हे नागपुरात कोणीतरी विचारणारच. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं संत्रं खायला अप्रतिम आहे, पण त्याचा रस ठेवला की त्यातल्या लिमोनिनमुळे कडू पडत जातो. साखर असेपर्यंत तो कडवटपणा झाकलेला राहतो. यीस्टने साखर खाल्ली की तेवढाच उरतो. सफरचंदाच्या बरणीत संत्र्याची फोडसुद्धा टाकू नका.

झालेलं व्हिनेगर पुन्हा फिकं पडतं

दीड-दोन महिन्यांनी छान आंबट झालं, आणखी मुरू द्यावं म्हणून तसंच कापडाखाली ठेवलं, आणि उन्हाळा सरता सरता ते पाणचट लागायला लागलं. हे का होतं, ते कमी लोकांना माहीत असतं. अल्कोहोल संपलं की हेच जिवाणू आम्ल खायला लागतात आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. म्हणून चव पुरेशी चढली आणि अल्कोहोलचा वास गेला की त्याच आठवड्यात गाळून बाटल्या भरा. बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरायची, हवेला जागा ठेवायची नाही. पुढच्या खेपेसाठी थोडं कच्चं बाजूला काढून बाकीचं गरम पाण्यात बाटली ठेवून ६० ते ६५ अंशांपर्यंत दहा मिनिटं तापवलंत तर ते वर्षभर स्थिर राहतं.

बाजारात विकायच्या व्हिनेगरमध्ये कमीत कमी ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावं लागतं. घरच्या व्हिनेगरची ताकद मोजल्याशिवाय कळत नाही, आणि पीएचच्या कागदानेही ती कळत नाही. म्हणून कोशिंबिरीत, सॅलडवर, कांद्यावर घाला, पण वर्षभर टिकवायच्या लोणच्याचा भरवसा त्यावर ठेवू नका. आणि बाटलीला पत्र्याचं झाकण लावू नका, आम्लाची वाफ त्याला आतून खाते. बूच किंवा प्लास्टिकचं झाकण घ्या.